लाडवावरचा बेदाणा

बंड्या पळाला तेव्हा त्याच्या गळ्यात पट्टा नव्हता, कारण आम्ही त्याला भोपळा केलं होतं.

२०२३ चा ३१ ऑक्टोबर, मंगळवार. न्यू जर्सीत एडिसनजवळ आम्ही राहतो, आणि आमच्या कुत्र्याचा, बंड्याचा, घरातला तो पहिलाच हॅलोवीन, म्हणजे पोरं सोंगं घेऊन दारोदार कँडी मागतात तो सण. त्या वसंतात एका संस्थेने त्याला जॉर्जियातल्या शेल्टरमधून व्हॅनमध्ये घालून आणलं होतं. तपकिरी रंग, एक कान फाटलेला, वजन बावीस किलो. झाडू, टोपी घातलेले पुरुष आणि प्लास्टिकच्या पिशवीचा चुरचुर आवाज, या तिन्हींना तो घाबरायचा. हे सगळं माहीत असूनही मी लेकीच्या हट्टापायी त्याच्यासाठी नारिंगी भोपळ्याचं सोंग आणलं. ते मानेवरून घालताना पट्टा अडकत होता, म्हणून काढून ठेवला. पट्ट्यालाच आमचा फोन नंबर कोरलेली चकती होती.

तो जांभया देत होता, सारखी जीभ ओठांवरून फिरवत होता, डोळ्यांचा पांढरा भाग दिसत होता. आम्ही म्हटलं, कंटाळलाय बिचारा. फोटो मात्र भरपूर काढले. आज ते फोटो बघवत नाहीत. कुत्रा भ्यायला की काय काय करतो, त्याचा पाठच आहे तो.

सातच्या सुमाराला बेल वाजली. मी दार उघडलं तर समोर हवा भरलेला डायनासोर, माझ्यापेक्षा उंच, आतला पंखा घरघरतोय. बंड्या माझ्या पायांमधून गेला तो गेलाच. मी अनवाणी, हातात कँडीची परात घेऊन, "बंड्या, बंड्या" ओरडत मागे. नंतर कळलं की घाबरलेल्या कुत्र्यामागे धावत ओरडणं म्हणजे त्याला आणखी लांब हाकलणंच. त्याला वाटतं, आपल्यामागे लागलेल्या गोष्टी एकाची दोन झाल्या.

सव्वादोन तासांनी तो सापडला, चार घरं पलीकडे, एका डेकखाली. त्या घरच्या आजींनी मला शहाणपणाची गोष्ट सांगितली: त्याच्याकडे पाठ करून जमिनीवर बस, बोलू नकोस, खायचं टाक. मी ओल्या पानांवर चीजचे तुकडे टाकत बसले. वीस मिनिटांनी माझ्या कोपराला ओलं नाक लागलं. मी रडले, हे सांगायला नकोच.

दुसऱ्या दिवशी व्हेटकडे नेलं, पंजा खरचटला होता म्हणून. तिथे त्यांनी सहज कातडीखालची मायक्रोचिप तपासली. चिप होती, नंबरही आला, पण नोंद अजून त्या संस्थेच्याच नावावर. दत्तक घेताना मिळालेल्या कागदांत ती बदलायची सूचना होती आणि तो कागद आमच्या ड्रॉवरमध्ये सहा महिने पडून होता. चिप म्हणजे काही जीपीएस नव्हे, कुत्रा कुठे आहे ते ती सांगत नाही. कोणाला सापडला आणि त्याने नेऊन यंत्र फिरवलं, तर फक्त पंधरा आकडे मिळतात. त्या आकड्यांपुढे जुना फोन नंबर असेल तर चिप असून नसल्यासारखीच. मी तिथे बसल्या बसल्या फोनवरून नोंद बदलली. पाच मिनिटं लागली.

पुढच्या वर्षी असं होऊ द्यायचं नाही, हे ठरवलं आणि ऑगस्टअखेरीलाच कामाला लागले. अमेरिकेत तेव्हाच दुकानांत सांगाडे येतात. आमच्या कोपऱ्यावरच्या घराने होम डेपो नावाच्या दुकानातला बारा फुटी सांगाडा आणून उभा केला. दुसऱ्या घराने झुडपात एक चेटकीण लपवली, जवळून कोणी गेलं की तिचे डोळे लाल होतात आणि ती हसते. माणसालाही दचकायला होतं, आणि बंड्याला तर माणसाच्या कानांना न ऐकू येणारे आवाजही ऐकू येतात. मी काय केलं, तर रोज दुपारी उजेडात फिरायला नेलं आणि सांगाडा दिसेल पण बंड्या खाणं घेईल इतक्या अंतरावर थांबले. पहिल्या दिवशी ते अंतर रस्त्याच्या पार पलीकडचं होतं. सांगाडा दिसला की तोंडात चिकनचा तुकडा, नजर वळवली की आणखी एक. तीन आठवड्यांत आम्ही सांगाड्याच्या पायाशी पोचलो. तिथे बंड्याने शांतपणे एक तंगडी वर केली. घरमालक खिडकीत होते. मी हात हलवला.

चेटकिणीचं मात्र जमलं नाही. ती केव्हा हसेल याचा नेम नव्हता आणि नेम नसलेल्या गोष्टीची सवय कशी लावणार? आम्ही फिरायचा रस्ता बदलला.

बेलचीही गंमत. आमच्याच बेलचा आवाज फोनवर रेकॉर्ड करून अगदी बारीक आवाजात वाजवायचा, खाऊ द्यायचा, हळूहळू आवाज वाढवायचा, असा प्रयोग महिनाभर केला. फोनमधली बेल त्याने पूर्ण मान्य केली. खरी बेल वाजली की पुन्हा तेच, पंजे घासत दाराकडे. त्या दोन बेलांत त्याला काय फरक ऐकू येतो देव जाणे. शेवटी नवऱ्याने स्टुलावर चढून बेलची बॅटरीच काढली. महिन्याच्या तपश्चर्येपेक्षा ती बॅटरी कामी आली.

औषधाबद्दल मी सुरुवातीला नाक मुरडत होते. कुत्र्याला कसल्या गोळ्या, असं वाटायचं. व्हेट म्हणाल्या, "एकदा पळून गेलाय, म्हणजे ही साधी भीती नाही." त्यांनी ट्रॅझोडोन लिहून दिलं. हे माणसांचंच औषध, कुत्र्यांनाही देतात. दोन गोष्टी त्यांनी बजावल्या. एक, आधी एखाद्या निवांत शनिवारी देऊन बघा, नेमक्या गोंधळाच्या रात्री पहिला प्रयोग नको. दोन, गोंधळ सुरू व्हायच्या दीड-दोन तास आधी द्या. एकदा थरथर सुरू झाली की मग गोळी तितकी लागू पडत नाही. गाबापेंटिन या दुसऱ्या औषधाचाही विषय निघाला तेव्हा त्यांनी सांगितलं की माणसांसाठी मिळणाऱ्या त्याच्या पातळ औषधात झायलिटॉल हा गोडी आणणारा पदार्थ असू शकतो आणि तो कुत्र्यांना विष आहे. रक्तातली साखर झपाट्याने उतरते, यकृतही जाऊ शकतं. हीच गोडी बिनसाखरेच्या च्युइंगगममध्ये असते. लेकीच्या पिशवीतून गम आधी काढायचा, हे मी तेव्हाच डोक्यात टिपून ठेवलं.

सप्टेंबरातल्या शनिवारी गोळी देऊन पाहिली. तासाभराने बंड्या सोफ्यावर चढायला गेला आणि अर्ध्यात विचार बदलल्यासारखा खाली बसला. चालताना मागचं शेपूट पुढच्या पायांना विचारून येत होतं. पण झोप शांत लागली.

चॉकलेटचा हिशेबही मी मांडला, कारण "चॉकलेट वाईट" एवढ्याने माझं समाधान होत नाही. त्यातलं थिओब्रोमिन कुत्र्याच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडतं. किलोमागे साधारण वीस मिलिग्रॅमला त्रास सुरू होतो, चाळीसच्या पुढे हृदयाचे ठोके बिघडू लागतात, साठच्या आसपास झटके. मिल्क चॉकलेटच्या एका ग्रॅममध्ये साधारण दोन मिलिग्रॅम, काळ्या चॉकलेटमध्ये पाच किंवा जास्त. म्हणजे बंड्याला त्रास व्हायला पुरेल पाव किलोच्या आत-बाहेर मिल्क चॉकलेट किंवा शंभर ग्रॅमच्या आतलं काळं. एक छोटी वडी पंधरा-सतरा ग्रॅमची धरली तर लेकीच्या कँडी गोळा करायच्या उशीच्या अभ्र्यात येणारा माल त्याला दोनदा पुरला असता. मग कँडीसाठी झाकणाचा डबा आणला आणि तो फ्रीजच्या वर ठेवायचा असं ठरलं.

हे सगळं हॅलोवीनपुरतं सरळ होतं. पण २०२४ साली ३१ ऑक्टोबरलाच आमचं लक्ष्मीपूजन आलं. महाराष्ट्रात बहुतेकांनी ते १ नोव्हेंबरला केलं, पण अमेरिकेच्या घड्याळात अमावास्या ३१ च्या पहाटेला लागून १ च्या सकाळी संपत होती. प्रदोषकाळी अमावास्या असलेली संध्याकाळ एकच, ३१ ची. सहाच्या आत सूर्य मावळतो आणि तीच वेळ पोरं दारोदार फिरायची.

त्या वर्षी सासूबाई तासगावहून आल्या होत्या. त्यांना मी माझी योजना सांगितली: बेल बंद, दार बंद, कँडीची परात बाहेर पोर्चवर. त्या ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "अगं, लक्ष्मी यायच्या वेळेला दार लावून बसायचं?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि कुठल्याही यादीत ते सापडणार नव्हतं. दोन्ही सण एकाच उंबऱ्यावर. एकात दार उघडं हवं, दुसऱ्यात उघडलं की कुत्रा जातो. रात्री बसून तोडगा काढला. बंड्या वरच्या मजल्यावर आमच्या बेडरूममध्ये, दार लावून. जिन्याच्या पायथ्याशी बेबी गेट, म्हणजे चुकून वरचं दार उघडलंच तरी दुसरा अडथळा. पूजेपुरतं पुढचं दार सताड उघडं. पूजा आटोपली की बंद. सासूबाई म्हणाल्या, "चालेल. लक्ष्मीला काय, दहा मिनिटं पुरतात."

काजळचं काय, हे सांगायचं राहिलं. काजळ म्हणजे आमची मांजर, संपूर्ण काळी. तिच्याबद्दल सासूबाई आणि अमेरिका यांचं एकमत आहे: काळं मांजर आडवं जाऊ नये. मी तिला तिचं पांघरूण, पाणी आणि वाळूचा ट्रे देऊन कपडे धुण्याच्या खोलीत ठेवलं. ती मशीनवर चढून झोपली. मांजरांबद्दल एवढंच. पणत्या मात्र या वर्षी जमिनीवर लावल्या नाहीत, कठड्यावर आणि खिडकीबाहेर लावल्या, आणि लेकीच्या कोरलेल्या भोपळ्यात मेणबत्तीऐवजी बॅटरीचा दिवा. शेपटीला कळत नाही आपण कुठून जातोय ते.

गुरुवार, ३१ ऑक्टोबर. अडीच वाजता गोळी, चीजमध्ये गुंडाळून. साडेतीनला लांब फेरी, कारण सोंगं रस्त्यावर यायच्या आत त्याचं सगळं उरकायला हवं होतं. गळ्यात पट्टा, पट्ट्याला चकती आणि माग काढता येणारा एअरटॅग. सोंग नाही. वरच्या खोलीचे पडदे ओढले, पंखा लावला. स्कॉटिश एसपीसीए ही प्राणी-संरक्षण संस्था आणि ग्लासगो विद्यापीठ यांनी २०१७ साली असं पाहिलं होतं म्हणे, की कुत्र्यांना रेगे आणि सॉफ्ट रॉक ऐकून जास्त निवांत वाटतं. मी रेगे लावलं. सासूबाई दोन मिनिटांनी वर आल्या, ऐकलं, आणि आपल्या फोनवरचा तानपुरा लावून गेल्या. बंड्याने हरकत घेतली नाही.

पूजा सव्वासहाला झाली. दार उघडं होतं, तेवढ्यात दोन स्पायडरमॅन आणि एक चेटकीण येऊन उंबऱ्यात थबकली. सासूबाईंनी त्यांच्या हातावर बत्तासे ठेवले. चेटकिणीची आई रांगोळीचे फोटो काढत राहिली. मग दार लागलं, परात बाहेर गेली आणि आठ वाजेपर्यंत पोर्चवर पावलांचा, हसण्याचा, कागदांचा आवाज येत राहिला. मी मधून मधून वर जाऊन बघत होते. बंड्या कपाटापाशी आडवा, एक कान उभा, चघळायला दिलेलं खेळणं अर्धं रिकामं. एकदा भुंकला, मग पुन्हा डोकं टेकलं.

सव्वाआठला आम्ही पोर्चचा दिवा बंद केला. इथल्या रिवाजात याचा अर्थ, या घरची कँडी संपली. लेकीने कार्पेटवर अभ्रा उपडा केला. मी गम काढला, काळी चॉकलेटं काढली. कोणा आरोग्यप्रेमी घराने मुलांना बेदाण्यांच्या चिमुकल्या डब्या दिल्या होत्या, त्या दोन डब्या मी स्वतःच्या हाताने बाहेरच्या कचऱ्यात टाकून आले. बेदाणे, मनुका, द्राक्षं, कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी करू शकतात, हे मला पाठ होतं. परत येताना मी स्वतःवर बेहद्द खूश होते. मग वर जाऊन बंड्याला मोकळं केलं.

आणि खाली सासूबाई फराळाचं ताट घेऊन सोफ्यावर बसल्या होत्या.

"दिवसभर कोंडून घातलंय लेकराला," असं म्हणून त्यांनी त्याला रव्याचा एक लाडू दिला. तेवढ्यात तासगावहून त्यांच्या बहिणीचा व्हिडिओ कॉल आला, तिकडे सकाळचे सहा वाजून गेले होते आणि लक्ष्मीपूजन अजून व्हायचं होतं. आवाज नीट येईना म्हणून त्या खिडकीशी गेल्या. ताट सोफ्यावरच राहिलं. मी स्वयंपाकघरातून आले तेव्हा ताटात चकल्या आणि चिवडा तसाच होता, लाडवांची जागा चाटून लख्ख.

"आई, लाडू किती होते?"

"तीन. का गं?"

रव्याच्या लाडवात बेदाणे. सासूबाईंच्या लाडवात तर वर एक शोभेचा आणि आत हात सोडून. त्या तासगावच्या, बेदाण्याच्या राजधानीतल्या. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे आणि त्यांच्या माहेरी बेदाण्याची शेड. येताना दोन किलो बेदाणे त्यांनी बॅगेत आणले होते. मी महिनाभर अमेरिकन पानं वाचली होती. त्यांत चॉकलेट होतं, गम होता, मनुकांची डबी होती. रव्याचा लाडू कशाला असेल तिथे? आणि मी स्वतः ते लाडू वळायला बसले होते. माझ्या डोक्यात ते फराळाच्या कप्प्यात होते, विषाच्या नाही.

सासूबाईंचा चेहरा उतरला होता, पण विश्वास बसत नव्हता. "अगं, शेडवरची कुत्री बेदाणे खाऊन म्हातारी झाली. काही होत नाही त्याला."

मी एएसपीसीए या अमेरिकेतल्या प्राणी-संरक्षण संस्थेच्या विषबाधा केंद्राला फोन केला. फोन फुकट नसतो, आधी कार्ड नंबर घेतात. मग पशुवैद्य बाईंनी एकामागून एक विचारलं: वजन किती, काय खाल्लं, किती, किती वेळ झाला, दुसरं काही औषध चालू आहे का. बेदाणे किती असतील, या प्रश्नावर सासूबाईंनी बोटांवर हिशेब केला, "लाडवाला चार-पाच." म्हणजे बारा ते पंधरा. मग पशुवैद्य बाईंनी विचारलेल्या एका प्रश्नाने मी चमकले: त्या पदार्थात चिंच आहे का? द्राक्षांतलं नेमकं काय कुत्र्यांना बाधतं हे वर्षानुवर्षं कळत नव्हतं. २०२१ मध्ये याच केंद्राच्या विषतज्ज्ञांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं, आणि ते चिंचेतही भरपूर असतं. लाडवात चिंच नव्हती. पण आमच्या आमटीत, भेळेच्या चटणीत, अळूच्या फदफद्यात असते, आणि पातेलं चाटायचा मान बंड्याचाच असायचा.

मी घरी हायड्रोजन पेरॉक्साइड देऊन ओकारी काढू का, असं विचारलं, कारण कुठेतरी वाचलं होतं. त्या म्हणाल्या, नको. गुंगीच्या औषधावर असलेल्या कुत्र्याची ओकारी फुप्फुसात जाऊ शकते. थेट इमर्जन्सीत जा.

इमर्जन्सीची प्रतीक्षा खोली त्या रात्री बघण्यासारखी होती. मधमाशीच्या पंखांसह आलेला एक डॅशहाउंड, त्याचा मालक व्हॅम्पायर. मी नऊवारीत. कोणी कोणाकडे वळून पाहत नव्हतं. सगळ्यांचे डोळे आतल्या दारावर.

बंड्याला आत नेऊन ओकारी काढायला अपोमॉर्फिनचं इंजेक्शन दिलं. थोड्या वेळाने एक मुलगी ट्रे घेऊन आली आणि म्हणाली, "अकरा मोजले." फुगलेले, गुबगुबीत, अगदी ओळखू येतील असे. बाकीचे एक ते चार एकतर राहिले होते किंवा मुळात नव्हतेच. बेदाण्याचा सुरक्षित आकडा असा नसतो, एखादा कुत्रा मूठभर पचवतो आणि एखादा थोडक्यात जातो. मी सासूबाईंचा शेडवरच्या कुत्र्यांचा प्रश्न डॉक्टरांना विचारलाच. ते हसले नाहीत. म्हणाले, जातीनुसार, पिकण्यानुसार द्राक्षातलं आम्ल कमीजास्त होतं, त्यामुळे असे अनुभव येतात. पुढच्या वेळचा बेदाणा कुठला असेल ते सांगता येत नाही, म्हणून आम्ही सगळ्यांवर सारखेच उपचार करतो.

उपचार म्हणजे दोन दिवस सलाइन आणि रोज रक्त तपासून क्रिएटिनिन बघणं. मूत्रपिंडं बिघडायची तर ते पहिल्या दिवस-तीन दिवसांत आकड्यांत दिसतं. मी मध्यरात्री रिकामा पट्टा घेऊन घरी आले. सासूबाई जाग्या होत्या, देवापुढे बसल्या होत्या, समोरची समई तेल घालून तेवत ठेवलेली. मी काही बोलले नाही, त्याही नाही. चहा केला. अर्ध्या तासाने त्या म्हणाल्या, "माझ्याच हाताने दिला गं."

"आई, लाडवांचा डबा मीच उघडा ठेवला होता." हे खरंही होतं.

शनिवारी संध्याकाळी तो आला. आकडे सरळ होते, पायावर केस काढलेला एक चौकोन होता आणि खर्चाचा कागद दोन पानी होता. लेकीने दारावर "वेलकम होम" लिहिलं होतं. तो थेट सोफ्यापाशी गेला आणि ताटाच्या जागेचा वास घेत उभा राहिला. काहीही शिकला नव्हता.

सासूबाईंनी त्याच रात्री उरलेले लाडू फोडले. एकेक बेदाणा वेचून वेगळा काढला, रवा पुन्हा वळला, वर काजूची पाकळी लावली. तरी ते लाडू बंड्याला द्यायचे नाहीत, तूप आणि साखर आहे, असं मी सांगितलं तेव्हा म्हणाल्या, "देत नाही. पण पडला चुकून तर?"

२०२५ ला दिवाळी वीस ऑक्टोबरला आली आणि हॅलोवीन शुक्रवारी, अकरा दिवसांनी. फराळ तासगावहून कुरियरने आला. लाडवांच्या डब्यावर त्यांच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवली होती: "बेदाणे नाहीत. चिवड्यातही घातले नाहीत. आमच्या शेडवरच्या कुत्र्यांनाही आता हाकलते, पण ती ऐकत नाहीत."